डेसरकाकांचं चौथं शील

आमच्या नांदुऱ्यात डेसरकाका कुणाच्या घरात शिरताना दिसले की रस्त्यावरचा माणूस त्या घरात म्हातारं कोण आहे ते आठवू लागायचा. एका लग्नात ते पंगतीला बसले, तर नवरदेवाची आजी भरल्या ताटावरून उठली आणि ते जाईपर्यंत आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तेव्हापासून ते लग्नाला पंगती उठल्यावर जायचे, टॉवेलाचा अहेर द्यायचे आणि उभ्याउभ्या एक लाडू खाऊन परतायचे.

"मले पाहून मानूस मरत नाई," ते म्हणायचे. "मरून राह्यला म्हनून मले बलावते. लोकं उलटं समजते."

मला माहीत असलेली घरं तेवीस. त्यांतल्या एकवीस घरांतली माणसं गेली, दोघं उठून बसले. त्या दोघांपैकी एकजण अजून रोज सकाळी रेल्वे फाटकापर्यंत फिरायला जातो आणि डेसरकाकांचं नाव काढलं की चिडतो. काकांनी त्याची नखं काढली होती, हे साऱ्या गावाला माहीत आहे.

नखं काढणं हे त्यांचं पहिलं काम असायचं. त्यांच्याकडे एक खाकी कापडी पिशवी होती. तीत नेलकटर, कापसाचा गुंडाळा, स्टीलची लहान वाटी, खोबरेल तेलाची बाटली आणि जुन्या धुतलेल्या बनियनांचे तुकडे. बनियनचं कापड जितकं जुनं तितकं रोग्याच्या कातडीला बरं, असं ते सांगत. माझ्या दोन जुन्या बनियन त्यांनी मागून नेल्या होत्या. ते बत्तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे, होते. गावाच्या तोंडी त्याचं डेसर झालं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे सुरू केलं. पैसे घेत नसत. चहा घेत, पण रोग्याच्या तोंडाला ओलं लावल्याशिवाय नाही.

रोग्याच्या खाटेजवळ ते नेहमी खाटेपेक्षा खाली बसत. पाट असला तर पाटावर, नाहीतर जमिनीवर. आधी "जयभीम" म्हणत, मग विचारत, "हात लावू काय?" रोगी शुद्धीवर नसला तरी विचारत, आणि उत्तराला जेवढा वेळ लागावा तेवढा थांबत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू यायचं. एका शेजाऱ्याच्या खाटेशी मलाही आलं होतं.

"त्यांना ऐकू येत नाही काका," मी म्हणालो होतो.

"कान शेवटाले जाते, भाऊ. तोवर इचारायचं."

हे सगळं तुम्ही का करता, असं मी एकदा त्यांना विचारलं. तेव्हा त्यांनी बुद्धाची गोष्ट सांगितली. गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, पण त्यांची सांगण्याची तऱ्हा अशी होती:

"एक भिक्खू आजारी पडला. पोट बिघडलं होतं, सोताच्याच घानीत पडून होता. भगवंत फिरत फिरत तिथं आले. इचारलं, तुही सेवा करनारं कोनी नाई काय? तो म्हने नाई. काऊन? तर म्हने मी कोनाच्या कामी पडलो नाई, मंग माह्या कामी कोन पडन? भगवंतानं संगच्या आनंदाले पानी आनाले लावलं. एकानं डोकं धरलं, एकानं पाय धरले, अन् धुतला त्याले. मंग संघाले सांगतलं, माही सेवा कराची असन तं आजाऱ्याची करा." मग म्हणाले, "लोकाइच्या ध्यानात धुतलं ते राह्यते. माह्या ध्यानात राह्यलं का भगवंतानं आधी इचारलं."

त्यांची दुसरी तऱ्हा मात्र लोकांना जड जायची. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते काका रोग्याच्या खोलीतही पाळत. "चौथं शील ड्युटीवर बी लागू," असं म्हणत. रोग्याने विचारल्याशिवाय ते आपण होऊन काही सांगत नसत, पण विचारलं तर खोटं बोलत नसत. कुणाच्या घरी पाऊल टाकण्याआधी ते घरच्यांना ही अट सांगत. निम्म्या घरांना ती मान्य नसायची. आपल्याकडे मरणाऱ्या माणसाला 'तुम्ही ठणठणीत होता बघा' म्हणायची रीत आहे, आणि न म्हणणारा माणूस वाईट ठरतो. काका कुणाशी वाद घालत नसत. पिशवी उचलून "बरं, जयभीम" म्हणत आणि निघत.

मीही त्यांना जवळपास परत पाठवणारच होतो.

माझे बाबा पाणबुडी मोटारी दुरुस्त करत. नांदुऱ्यापासून रोहिणखेडपर्यंतच्या विहिरी त्यांना आतून माहीत होत्या. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांचे डोळे पिवळे झाले. अकोल्याला दाखवलं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं की पोटातल्या ग्रंथीचा कर्करोग आहे, यकृतापर्यंत गेला आहे, घरी न्या, दुखू देऊ नका, दोन महिने धरा. बाहेर बाकावर बाबा बसले होते. म्हणाले, "काय म्हने?" मी म्हणालो, "कावीळ."

हा शब्द मला तयार मिळाला. डोळे पिवळे, अंग पिवळं, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. खरं फक्त माझ्या बायकोला सांगितलं. बाबांना कळलं तर ते खचतील असं मला वाटायचं, हे खरं आहे. दुसरंही एक कारण होतं. कळायचं असतं तर सांगावं मला लागलं असतं.

पण कावीळ म्हटली की पथ्य आलं. डोणगावहून बाबांची बहीण, माझी आत्या, मुक्कामाला आली आणि तिने ते पथ्य हातात घेतलं. तेल बंद, तिखट बंद, हळद बंद. उकडलेले मूग, ज्वारीच्या पातळ कण्या, ताक, उसाचा रस, मुळ्याचा पाला. पिवळं काही नजरेला पडू नये म्हणून तिने खाटेवरची पिवळी चादरसुद्धा बदलली. मी पंचायत समितीत सांख्यिकीचं काम करतो. मी वही घातली. तारीख, वेळ, किती चमचे पोटात गेलं, किती मिलिलिटर लघवी, किती गोळ्या. शेवटचा रकाना 'शेरा'. तो रिकामाच राहायचा. कमी चमचे गेले की मी दुसऱ्या दिवशी भरून काढायला बघायचो. बाबा तोंड फिरवायचे, मी वाटी फिरवून दुसऱ्या बाजूने जायचो.

चोविसाव्या दिवशी पाठीला जखम झाली आणि बायकोने मला न विचारता डेसरकाकांना बोलावलं. त्यांनी मला ओट्यावरच थांबवून अट सांगितली. मी म्हणालो, मग नको. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "पाठ पाहिली काय तुमी?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. "असं करू," ते म्हणाले. "त्याइनं मले इचारलं तं मी काई बोलनार नाई. तुमच्याकडं पाहीन. मंग तुमी पाहा काय ते."

मला ते सोयीचं वाटलं. मी हो म्हणालो.

बाबांनी त्यांना पाहिल्याबरोबर ओळखलं. "तू कशाले आला बे? मले कावीळ हाये. तुहं खातं येगळं."

"नखं काढाले आलो. हात लावू काय?"

"आज शनवार हाये," आत्या आतून म्हणाली. "शनवारी नखं काढते काय कोनी?"

"नखाले वार कुठं समजते, बाई," काका म्हणाले, आणि बाबांनी आपण होऊन हात पुढे केला.

आत्याच्या हरकती दोन होत्या. बोलून दाखवली ती शनिवारची. दुसरी अशी की काकांच्या चहाचा कप ती खिडकीत वेगळा ठेवायची. काका तो स्वतः विसळत आणि तिथेच पालथा घालत. पाचव्या-सहाव्या दिवशी माझ्या बायकोने तो कप उचलून बाकीच्या कपांत मिसळला. नंतर कुठला कोणता ते आत्यालाही ओळखता येईना. तिने चार दिवस चहा सोडला, मग पुन्हा धरला.

सतरा दिवस काका रोज सकाळी दहाला आले. जखम धुवायची, कूस बदलायची, तळव्यांना तेल चोळायचं. मग बाबांच्या श्वासाबरोबर आपला श्वास लावून ते नुसते बसून राहत. मी घड्याळ लावून बाबांचे श्वास मोजत होतो. मिनिटाला सव्वीस. काका म्हणाले, "मोजलं ना? आता नुसता पाहा." मी पाहायला बसलो, पण मनातल्या मनात मोजतच होतो, हे कबूल करतो.

त्यांची आणखी एक पद्धत होती. रोग्याने आयुष्यात केलेलं एकेक चांगलं काम घरच्यांनी त्याच्या देखत सांगायचं. "वंगाळावर मन आपोआप जाते," ते म्हणत. "चांगल्यावर नेऊन बसवा लागते." आमच्याकडे त्यांनी आत्यापासून सुरुवात केली. आत्या म्हणाली, "दादानं रोहिनखेडच्या चाचाची बकरी इहिरीतून काढली होती. मे महिन्यात, दोराले लटकून."

"बकरी नाई, बोकड्या होता," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "अन् दुसऱ्या दिशी ईद होती. म्या वाचवून त्याचं काय भलं केलं? चाचानं मटन पाठोलं तवा मलेच घास उतरेना."

"मंग?" काका म्हणाले.

"मंग उतरला."

माझी पाळी आली. मी म्हणालो, "बाबांनी चाळीस वर्षांत एकाही शेतकऱ्याची मोटार आठ दिवसांपेक्षा जास्त ठेवून घेतली नाही."

बाबा हसले. खोकला येईपर्यंत हसले. "हा सरकारी रिपोर्ट वाचून राह्यला," म्हणाले.

काकांनी माझ्याकडून वही आणि पेन मागून घेतलं. त्या दिवसाच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांनी लिहिलं: 'हसले.' अक्षर वळणदार होतं. एक रकाना भरल्याचं मला बरं वाटलं.

पथ्याबद्दल ते एकदाच बोलले. आत्या उकडलेल्या मुगाची वाटी ठेवून गेली होती. काकांनी वाटीत पाहिलं.

"हे काय?"

"पथ्य."

"कोनत्या रोगाचं?"

मी दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणालो, "तेल-तिखट दिलं तर त्यांना कळेल, काका."

"हं," ते म्हणाले आणि कापूस भिजवायला लागले.

त्यांनी एवढंच म्हटलं, पण घरी परत जाताना ते मला काही सांगून गेले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. कारण मग मला वाद घालता आला असता. बाबा अळणी खात होते ते त्यांच्या पोटासाठी नव्हतं. माझा शब्द टिकावा म्हणून खात होते. हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही मी सहा दिवस काही केलं नाही.

एक्केचाळिसावा दिवस. सकाळचे साडेदहा. बाबांना ग्लानी होती, तोंड उघडं, ओठ कोरडे पडलेले. काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, थांबले, आणि ओल्या कापसाने त्यांचे ओठ आणि जीभ भिजवायला सुरुवात केली. मी बाबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तेवढ्यात आत्या मळ्यातून भाजी घेऊन आली. तिने दारातून पाहिलं: डेसर तोंडात पाणी घालतोय, पोराने डोकं मांडीवर घेतलंय. आपल्याकडे हे दृश्य एकाच वेळी दिसतं, माणूस जाताना. तिच्या हातातली मेथी खाली पडली आणि तिने हंबरडा फोडला.

"दादा रे! माहेर तुटलं व माय माहं! मले न इचारता पानी पाजलं रे!"

शेजारच्या दोन बायका धावत आल्या. त्यांनी आत न पाहताच उंबऱ्यावर बसून सूर धरला. मी "अगं थांब, थांब" म्हणत होतो, कुणी ऐकत नव्हतं. काका कापूस हातात धरून तसेच बसले होते.

बाबांनी डोळे उघडले. आत्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं.

"काय झालं व? कोन गेलं?"

सगळ्या एकदम गप्प झाल्या. शेजारणींपैकी एक पदर तोंडाला लावून उठली आणि निघून गेली. तिला रडू आवरायचं होतं की हसू, ते मला आजही माहीत नाही.

मग बाबांनी मान काकांकडे वळवली. "डेसर," ते म्हणाले, "मी जाऊन राह्यलो काय?"

काकांनी ठरल्याप्रमाणे माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या नजरेत काही नव्हतं. धाक नव्हता, आग्रह नव्हता. ते नुसते पाहत होते. माझ्यामागे दार होतं आणि दारात आत्या उभी होती. मी काहीही बोललो असतो तरी काका काही बोलणार नव्हते, कारण तसा शब्द त्यांनी मला दिला होता. म्हणजे अजूनही मला कावीळ म्हणता आलं असतं.

"हो बाबा," मी म्हणालो.

"कावीळ नाई?"

"नाही. कर्करोग आहे."

"तुले कवापासून माईत हाये?"

"एक्केचाळीस दिवस."

बाबांनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. ते म्हणाले, "एक्केचाळीस दिवस तुनं मले बिनतेलाचं खाऊ घातलं?"

"दादा, मले बी नव्हतं सांगतलं रे यानं," आत्या म्हणाली.

"तू गप. मुळ्याचा पाला तूच आनत होती." मग काकांना म्हणाले, "अन् तुले ठावं होतं."

"हाव."

"सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं नाई."

"मी इचारलं असतं," बाबा म्हणाले. "पन हा पोरगा वाटी घेऊन असा समोर येऊन बसे, का मले वाटे, याले काऊन दुखवा?"

हे ऐकल्यावर मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. किती वेळ बसलो ते मोजलं नाही.

त्या दिवशी दुपारी वांग्याचं भरीत झालं. आत्याने मळ्यातली हिरवी वांगी काड्यांवर भाजली, हिरव्या मिरच्या ठेचून घातल्या आणि वर तेलाची धार धरली. ती धार मोठी होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर केली. बाबांनी दीड घास खाल्ला. दुसरा अर्धा तोंडातच फिरत राहिला. आठवड्याभरापूर्वी दिलं असतं तर निदान चार-पाच घास गेले असते, असं काका म्हणाले. मी विचारलं म्हणून म्हणाले. बाबांनी ताट उचलू दिलं नाही. वासाला राहू दे म्हणाले.

त्यानंतर ते अकरा दिवस होते. सहा दिवस बोलत होते. रोहिणखेडच्या चाचाला त्यांनी बोलावून घेतलं. चाचा दोन तास बसला, दोघांनी मिळून कुणाकुणाच्या विहिरीला नावं ठेवली. माझ्या बायकोला त्यांनी घरच्या बोअरचा स्टार्टर कसा उघडायचा ते सांगितलं, कारण ते मला जमणार नाही याची त्यांना खात्री होती. माझ्याशी ते पहिले दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अकोल्याले बाकावर बसलो होतो तवाच तुह्या तोंडाकडं पाहून समजलं होतं." तेवढंच म्हणाले. पाणी मागितलं, मी कापसाने ओठ भिजवले.

गेले ते सकाळी, नऊच्या सुमारास. काकांनी मला त्यांचा उजवा हात धरायला सांगितलं. "धरा, दाबू नका." आत्याला ते म्हणाले, "बाई, आत्ता नाई. जरा येळानं." आत्या तोंडात पदर कोंबून बसली. श्वास लांबत लांबत गेला. थांबल्यावरही काकांनी बराच वेळ कुणाला आवाज करू दिला नाही. मग ते उठून बाहेर गेले आणि आत्याला म्हणाले, "आता रडा."

तेराव्यापर्यंत घरी माणसं येत राहिली. प्रत्येकजण मला सांगून गेला की तू केलंस तेवढं कुणी करत नाही. मला ते पटत नव्हतं, म्हणून मी रविवारी सकाळी डेसरकाकांच्या घरी गेलो.

काका आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी मोताळ्याच्या गाडीची वाट पाहत ते स्टँडवर बाकावर बसले होते. गाडी लागली, कंडक्टरने दोनदा हाक मारली. कुणी सेवा करायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. पण त्या रविवारी ते पांढरे कपडे घालून विहारात निघण्याच्या तयारीत होते. तिथे वंदना तेच म्हणवून घेत. त्यांच्या मागून बाकीचे म्हणत. विहार त्यांच्या घरापासून साठ-सत्तर पावलांवर.

मी बसलो नाही. उभ्यानेच विचारलं, "काका, मी चुकलो का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इचारता काय?"

"हो."

"हाव," ते म्हणाले. "चुकले तुमी."

यापुढे एखादं वाक्य येईल म्हणून मी थांबलो. 'पण' ने सुरू होणारं. आलं नाही. काकांनी ओट्यावरची चटई झटकली, एका कडेला सरकून बसले आणि उरलेल्या जागेवर हात ठेवला. मी बसलो.

थोड्या वेळाने विहारातून एक बाई बोलवायला आल्या. "चला ना काका, समदे बसले."

"तुमी सुरू करा," काका म्हणाले.

त्या माझ्याकडे पाहून गेल्या. मग वंदना सुरू झाली. म्हणणाऱ्याचा आवाज नवखा होता, दोनदा अडखळला. काकांचे ओठ हलले नाहीत. माझं रडणं संपल्यावरही ते बसून राहिले, मी उठेपर्यंत. साधारण पन्नास मिनिटं.